आउटपुट ट्रान्झिस्टर बदलले, तरी पाच मिनिटांत पुन्हा उडाले: जळालेल्या स्टीरिओ अँप्लिफायरची दुरुस्ती

तुम्ही विचारलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. घरचा जुना स्टीरिओ अँप्लिफायर आहे. ट्रान्सफॉर्मर २४-०-२४ चा, दोन्ही चॅनेलना (डाव्या आणि उजव्या बाजूच्या सर्किटला) सी ५२०० आणि ए १९४३ या आउटपुट ट्रान्झिस्टरची, म्हणजे स्पीकरला करंट पुरवणाऱ्या ट्रान्झिस्टरची, एकेक जोडी. गणपतीत आरतीसाठी अंगणात दोन स्पीकर जादा जोडले. तासभर छान वाजलं, मग डाव्या बाजूने जोरात 'घुंऽऽ' असा आवाज झाला, जळका वास आला आणि फ्यूज गेला. दुकानात डाव्या चॅनेलचे दोन्ही आउटपुट ट्रान्झिस्टर बदलून मिळाले. घरी आणून लावला तर पाच मिनिटं वाजला आणि पुन्हा तेच. आता नवा फ्यूज टाकला की स्विच दाबताक्षणी उडतो. दुरुस्त होईल का, घरी जमेल का, आणि फ्यूजच्या जागी जाड तार टाकून काय होतंय ते पाहू का, हे तुमचे तीन प्रश्न.

तार टाकू नका. फ्यूज उडतोय म्हणजे तो त्याचं काम करतोय. तार टाकलीत तर पुढचा फ्यूज म्हणजे ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी (२३० व्होल्टच्या बाजूचे वेढे), आणि या सगळ्या पेटीत सगळ्यात महाग वस्तू तीच. बाकी दोन प्रश्नांचं उत्तर होकारार्थी आहे. सुट्या ट्रान्झिस्टरवर बनलेला असा अँप्लिफायर दुरुस्तीला सगळ्यात चांगला. मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न आणि एक पिवळा बल्ब एवढ्यावर काम होतं, घाई मात्र अजिबात चालत नाही.

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोलाची माहिती म्हणजे ती 'पाच मिनिटं'. आउटपुट ट्रान्झिस्टर स्विच दाबताच गेले असते तर मी म्हटलं असतं की मागचा ड्रायव्हर (आउटपुट ट्रान्झिस्टरला चालवणारा ट्रान्झिस्टर) शॉर्ट राहिला, तो बदललाच नाही. पण पाच मिनिटं वाजून गेले म्हणजे जोडणी ढोबळमानाने बरोबर होती आणि ते उष्णतेने गेले. उष्णतेने जाण्याची कारणं मोजकी आहेत: बायस (आवाज नसतानाही आउटपुटमधून वाहता ठेवलेला थोडा करंट) जास्त राहिला, बायसचा ट्रान्झिस्टर हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीवर) परत बसवलाच नाही, मायका (ट्रान्झिस्टर आणि हीटसिंकमधलं इन्सुलेशनचं पातळ पान) किंवा उष्णता वाहून नेणारी पेस्ट नीट लागली नाही, सर्किट ऐकू न येणाऱ्या उच्च फ्रिक्वेन्सीवर ऑसिलेट होतंय, म्हणजे इनपुट नसताना स्वतःच सिग्नल तयार करतंय, किंवा नवे ट्रान्झिस्टर नकली होते. या पाचांपैकी एक किंवा दोन तुमच्या पेटीत नक्की आहेत. जळालेला पार्ट बदलणं ही अर्धीच दुरुस्ती. तो का जळाला हे सापडेपर्यंत त्या बोर्डाला २३० व्होल्टवरचा सरळ सप्लाय द्यायचा नाही, या एका नियमावर माझं पुढचं सगळं उत्तर उभं आहे.

मुळात पहिल्यांदा तो का गेला? २४ व्होल्ट एसी रेक्टिफाय होऊन, म्हणजे डीसीत बदलून, कपॅसिटरवर साधारण ३३ व्होल्ट होतात, एक अधिक आणि एक उणे. आवाज पूर्ण वाढवला की आउटपुट ३० व्होल्टच्या आसपास झुलतं. स्पीकर ८ ओहमचा असेल तर करंटचा शिखर-आकडा पावणेचार अँपिअर. त्याच टर्मिनलवर दुसरा ८ ओहमचा जोडला की भार ४ ओहम आणि करंट साडेसात. अंगणातले स्पीकर ४ ओहमचे असतील आणि घरातलाही ४ ओहमचा असेल तर भार २ ओहम, करंट १५ अँपिअर. सी ५२०० ची कमाल मर्यादाच १५ अँपिअर आहे. शिवाय त्याचे १५० वॅट हे त्याची डबी, म्हणजे बाहेरचं कवच, २५ अंशांवर थंड असतानाचे. ती १०० अंशांवर गेली की तोच ट्रान्झिस्टर जेमतेम ६० वॅट सोसतो. हीटसिंकवर कापड, मागे भिंत, तासभर मोठा आवाज, एवढं पुरेसं होतं. एक ट्रान्झिस्टर कलेक्टर ते एमिटर (त्याच्या तीन पायांपैकी दोन, तिसरा बेस) शॉर्ट झाला आणि ३३ व्होल्ट डीसी थेट स्पीकरवर आले. तुम्ही ऐकलेला 'घुंऽऽ' तोच.

आता कामाला लागण्याआधी. प्लग भिंतीतून काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही, कारण जुन्या पेट्यांत स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर लावलेला कितीतरी वेळा सापडतो आणि मग स्विच बंद असतानाही आत फेज जिवंत असतो. त्यानंतर मोठे फिल्टर कपॅसिटर डिस्चार्ज करा. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडू नका, त्यात कपॅसिटरचे पाय आणि बोर्डाची पट्टी दोन्ही दुखावतात. १०० ओहम ५ किंवा १० वॅटचा रेझिस्टर, दोन्ही पायांना इन्सुलेटेड वायर, तो प्रत्येक कपॅसिटरवर पाच-सहा सेकंद धरा आणि मग मीटरने शून्य झाल्याची खात्री करा. ही खात्री दर वेळी करायची, शेवटपर्यंत.

पहिली तपासणी डोळ्यांनी आणि नाकाने. फुगलेला कपॅसिटर, तडकलेली ट्रान्झिस्टरची डबी, काळी पडलेली बोर्डाची जागा, तुटलेली वायर. आपल्याकडे मेलेली पालही सापडते, ट्रान्सफॉर्मरच्या टर्मिनलला चिकटलेली. ती साफ करून मगच पुढे जा. आउटपुटजवळ एक १० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सिरीजमध्ये ग्राउंडला गेलेले दिसतील. त्या जोडीला झोबेल म्हणतात. तिथला १० ओहमचा रेझिस्टर काळा पडलेला असेल तर समजा की सर्किट ऑसिलेट होत होतं, कारण ऐकू येणाऱ्या आवाजाने तो रेझिस्टर एरवी तापतच नाही. तुमच्या बाबतीत मी हा रेझिस्टर सगळ्यात आधी पाहीन.

मग मीटर. इथे स्टीरिओचा एक फार मोठा फायदा आहे आणि बरेच जण तो वापरत नाहीत: शेजारी तसाच दुसरा, चांगला चॅनेल आहे. सर्किटचा नकाशा मिळाला नाही तरी चालतं. कागदावर दोन उभे रकाने करा, डावा आणि उजवा. दोन्ही बोर्डांवर त्याच जागी तोच प्रोब, तीच दिशा, आणि आकडे शेजारी शेजारी लिहा. जिथे आकडे फार वेगळे दिसतात तिथे थांबा. अगदी नवख्या माणसालाही यातून बिघाडाची हद्द आखता येते.

मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा आणि आउटपुट ट्रान्झिस्टरपासून सुरू करा. सी ५२०० ची अक्षरं तुमच्याकडे करून धरलं तर डावीकडून बेस, कलेक्टर, एमिटर. बेसवर लाल प्रोब आणि एमिटरवर काळा ठेवला की ०.५ ते ०.६ च्या आसपास आकडा यायला हवा, बेस ते कलेक्टरही तसाच. ए १९४३ ला प्रोब उलटे. कलेक्टर आणि एमिटरमध्ये कोणत्याही दिशेने बीप वाजायला नको. वाजली तर तो गेलाच. बोर्डावर असताना आजूबाजूच्या रेझिस्टरमुळे आकडे फसवे येतात, म्हणून संशय असेल तर काढून मोजा. मेलेला ट्रान्झिस्टर काढताना आधी त्याचे तिन्ही पाय कापून टाका आणि मग एकेक पाय गरम करून ओढा. अख्खा उपसायला गेलात तर जुन्या बोर्डाची तांब्याची पट्टी उखडते, आणि मग दुरुस्तीत आणखी एक दुरुस्ती वाढते.

आउटपुटपाशी थांबू नका, दुकानात नेमकं तिथेच थांबले असावेत. या सर्किटमध्ये सगळे टप्पे एकमेकांना थेट जोडलेले असतात, मधे कपॅसिटर नसतो. आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट होतो तेव्हा त्याच्या बेसमधून मागे धक्का जातो आणि वाटेतले जिन्नस जखमी होतात. काही जागीच मरतात, काही अर्धवट. म्हणून बेसला लागलेला छोटा रेझिस्टर, त्याच्या मागचा ड्रायव्हर (बहुधा टिप ४१ सी आणि ४२ सी, किंवा बीडी १३९ आणि १४०), आणि एमिटरचा पांढरा सिमेंटचा रेझिस्टर, हे सगळं एका दमात मोजायचं. माझी पद्धत अशी की चॅनेल उडाला असेल तर ड्रायव्हरची जोडी मीटरवर चांगली दिसली तरी बदलून टाकायची. ती स्वस्त असते, आणि अर्धमेला ड्रायव्हर नव्या आउटपुट जोडीला घेऊन जातो.

तो सिमेंटचा रेझिस्टर नीट मोजायला शिका. त्यावर ०.२२ ओहम ५ वॅट लिहिलेलं असतं. बाहेरून तो नव्यासारखा दिसतो आणि आतली तार तुटलेली असते. साध्या मीटरच्या वायरींचाच रोध ०.२ ते ०.४ ओहम असतो, म्हणून आधी दोन्ही प्रोब एकमेकांना घट्ट लावा, आकडा लिहून घ्या, मग रेझिस्टर मोजा आणि पहिला आकडा वजा करा. प्रोब लावल्यावर ०.३ आणि रेझिस्टरवर ०.५ आलं तर रेझिस्टर ठणठणीत. मीटरवर काहीच आलं नाही तर तो ओपन आहे. बदलताना दोन्ही एकाच किमतीचे, एकाच वॅटचे टाका.

आता बायस. तुमच्या बिघाडाचं मूळ इथेच असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते. दोन ड्रायव्हरच्या बेसमध्ये एक छोटा ट्रान्झिस्टर असतो, बहुधा बीडी १३९, हीटसिंकला स्क्रूने आवळलेला किंवा वायरीने लांब नेलेला. त्याच्या बेसला एक प्रीसेट, म्हणजे फिरवून किंमत बदलता येणारा छोटा रेझिस्टर. हा ट्रान्झिस्टर आवाज वाढवत नाही. तो हीटसिंकच्या तापमानावर लक्ष ठेवतो आणि आउटपुटचा विश्रांतीतला करंट आवाक्यात ठेवतो. सिलिकॉन ट्रान्झिस्टर तापला की प्रत्येक अंशाला त्याचा बेस-एमिटर व्होल्टेज साधारण २ मिलीव्होल्टने उतरतो. हीटसिंक ४० अंशांनी तापला तर ८० मिलीव्होल्ट. बायसच्या ट्रान्झिस्टरला ही गरमी कळली तर तो त्या मापाने व्होल्टेज कमी करतो. तो हीटसिंकपासून सुटून बोर्डावर हवेत लोंबकळत असेल तर त्याला काहीच कळत नाही. मग आउटपुट तापतात, करंट वाढतो, म्हणून आणखी तापतात, आणि काही मिनिटांत संपतात. पाच मिनिटांत जाण्याचं याहून नेहमीचं कारण मला माहीत नाही. आउटपुट बदलताना हीटसिंक सोडवला जातो, आणि परत बसवताना तो छोटा स्क्रू राहून जातो.

दुसरा दगा प्रीसेटचा. जुन्या उघड्या प्रीसेटमध्ये धूळ आणि गंज बसून मधल्या पायाचा स्पर्श सुटतो. मधला पाय बायस ट्रान्झिस्टरच्या बेसला गेलेला असेल तर स्पर्श सुटताच तो ट्रान्झिस्टर बंद होतो, आणि त्याच्या दोन टोकांमधला व्होल्टेज आवरायला कोणीच उरत नाही. वरचा आणि खालचा दोन्ही आउटपुट एकदम पूर्ण चालू होतात. म्हणून जुना प्रीसेट साफ करत बसू नका. त्याच किमतीचा, अनेक फेऱ्यांचा बंद प्रीसेट टाका आणि बायस सगळ्यात कमी होईल त्या टोकाला फिरवून ठेवा. कमी म्हणजे कोणतं टोक हे कळण्यासाठी: प्रीसेट फिरवल्यावर बायस ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर आणि बेसमधला रोध कमी आणि बेस आणि एमिटरमधला जास्त होतो, ते टोक.

हे सगळं बदललं तरी अजून सरळ प्लग लावायचा नाही. आता सिरीज बोर्ड लागेल. लाकडी पाटीवर एक बल्बचा होल्डर आणि एक सॉकेट, आणि फेजची वायर बल्बमधून होऊन सॉकेटला. बल्ब जुना पिवळा, तारेचा, ६० किंवा १०० वॅटचा. एलईडी दिव्याने हे काम होत नाही. पिवळ्या बल्बची तार थंड असताना तिचा रोध थोडा असतो आणि तापली की दहा-पंधरा पट वाढतो, आपल्याला नेमकं तेच हवं. पुढे शॉर्ट असेल तर १०० वॅटचा बल्ब पूर्ण पेटतो आणि अर्ध्या अँपिअरच्या आतच करंट जाऊ देतो. ट्रान्झिस्टर वाचतो, फ्यूजही वाचतो, आणि बिघाड डोळ्यांना दिसतो. एक गोष्ट लक्षात ठेवा: बल्ब अँप्लिफायरला वाचवतो, तुम्हाला नाही. प्रायमरीच्या बाजूला शॉक तितकाच बसतो. पायात रबरी चप्पल, एक हात पाठीमागे, आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती होताच सप्लाय तोडणारा स्विच) असेल तर उत्तम.

सिरीज बोर्डावर एकेक टप्पा जोडत पुढे जा. आधी नुसता ट्रान्सफॉर्मर, सेकंडरीच्या (कमी व्होल्टच्या बाजूच्या) वायरी मोकळ्या. बल्ब विझलेला किंवा अगदी लालसर दिसायला हवा. झगझगीत पेटला तर ट्रान्सफॉर्मरचे वेढे आत शॉर्ट आहेत. मग ब्रिज रेक्टिफायर आणि फिल्टर कपॅसिटर जोडा, दोन्ही चॅनेलचे सप्लाय काढलेले. बल्ब एकदा झपकन पेटेल, कपॅसिटर भरतील, आणि तो मंद होईल. दोन्ही बाजूंना ३३ व्होल्टच्या आसपास आणि एकमेकांशी जुळणारे आकडे मिळाले तर सप्लाय निर्दोष. बल्ब पेटलेलाच राहिला तर ब्रिजचा एखादा डायोड किंवा कपॅसिटर शॉर्ट आहे. नंतर उजवा, चांगला चॅनेल जोडून पाहा. इथवर सगळं शांत असेल तर उरला डावा.

डाव्या चॅनेलसाठी बल्बच्या जोडीला आणखी एक बंधन घाला. अधिक आणि उणे अशा दोन्ही सप्लायच्या वाटेत, डीसी फ्यूजच्या जागी, १०० ओहम ५ वॅटचा एकेक रेझिस्टर लावा. आता मीटर त्या रेझिस्टरवर ठेवला की चॅनेल किती करंट ओढतोय ते दिसतं: १ व्होल्ट म्हणजे १० मिलिअँपिअर. बायस सगळ्यात कमी असताना प्रत्येकावर १ ते २ व्होल्ट दिसले आणि दोन्हीकडचे आकडे सारखे असले तर सुटकेचा श्वास घ्या. १० व्होल्टच्या पुढे गेला तर लगेच बंद करा. काही चुकलं असेल तर रेझिस्टर तापेल, वास येईल, पण तुमचे नवे ट्रान्झिस्टर जिवंत राहतील.

ही पहिली चाचणी आउटपुट ट्रान्झिस्टर न लावताच, नुसत्या ड्रायव्हरवर करता आली तर आणखी चांगलं. पण आधी एक तपासा. काही बोर्डांवर दोन्ही ड्रायव्हरचे एमिटर एकाच रेझिस्टरने एकमेकांना जोडलेले असतात, आउटपुटच्या रेषेला नाही. तिथे आउटपुट काढले की फीडबॅकची (आउटपुटवरून इनपुटकडे परत जाणाऱ्या सिग्नलची) वाट तुटते आणि चांगलं सर्किटही एका टोकाला जाऊन बसतं. तसं असेल तर प्रत्येक ड्रायव्हरच्या एमिटरपासून आउटपुटच्या रेषेपर्यंत तात्पुरता १०० ओहमचा रेझिस्टर टाका. चाचणी झाली की आठवणीने काढा.

आउटपुटच्या रेषेवर, स्पीकर न लावता, डीसी मोजा. ५० मिलीव्होल्टच्या आत हवं, २० च्या आत असेल तर छान. कितीतरी व्होल्ट येत असतील तर मागच्या टप्प्यात शोधा: इनपुटचे दोन जोडीचे ट्रान्झिस्टर, त्यांच्या पुढचा व्होल्टेज वाढवणारा ट्रान्झिस्टर, किंवा फीडबॅकचा ओपन झालेला रेझिस्टर. उजव्या चॅनेलचे आकडे इथे पुन्हा कामी येतात. तो चालू असताना त्याच्या प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या पायावरचा डीसी लिहून घ्या आणि डाव्याशी ताडून पाहा.

ट्रान्झिस्टर हीटसिंकवर बसवताना मायकाच्या दोन्ही बाजूंना पांढरी पेस्ट, अगदी पातळ. मायका आरपार दिसेनासा होईल इतकी फासू नका. सी ५२०० चा स्क्रू प्लॅस्टिकच्या भागातून जातो, त्यामुळे बुश (स्क्रूभोवतीची इन्सुलेशनची नळी) लागत नाही, पण मागचा धातू म्हणजे कलेक्टरच, म्हणून मायका हवाच. जुन्या २एन३०५५ सारख्या धातूच्या डबीला बुशही लागतात. आवळल्यावर कलेक्टर आणि हीटसिंक यांच्यात मीटर लावा, कुठलीही सलगता दिसता कामा नये. आणि बायसचा ट्रान्झिस्टर त्याच्या जागी, त्याच हीटसिंकवर, पेस्ट लावून.

आता नकली मालाचा विषय, कारण यावर माझा जीव तुटतो. सी ५२०० आणि ए १९४३ हे आपल्या बाजारात खूप नक्कल होणारे ट्रान्झिस्टर आहेत. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात तापकीर गल्लीत अस्सलही मिळतो आणि नकलीही, कधी एकाच ओळीत. नकली डबीत सिलिकॉनचा चिमुकला तुकडा असतो. साध्या मीटरवर तो अगदी बरोबर दिसतो, घरात हळू आवाजात वाजतोही, आणि आवाज वाढवला की जातो. तोशिबाने या जोडीला नंतर टीटीसी ५२०० आणि टीटीए १९४३ असे नंबर दिले, ते मिळाले तर घ्या. अंगावरचा आर किंवा ओ हा गेनचा (ट्रान्झिस्टर करंट किती पट वाढवतो त्याचा) वर्ग असतो, दोन्ही चॅनेलना एकाच वर्गाचे लावा. छपाई अ‍ॅसिटोनच्या बोळ्याने पुसली गेली, एकाच पाकिटातल्या डब्यांच्या पाठीचा तांब्याचा रंग वेगवेगळा दिसला, तर घेऊ नका. तुमच्याकडे दुकानातून लावलेले मेलेले दोन पडलेत ना? त्यांतला एक पक्कडीत धरून फोडा आणि आतला तुकडा पाहा, मूळ कंपनीचा जळालेला असेल तर त्याच्या शेजारी ठेवून पाहा. मूळच्यापेक्षा तो स्पष्टच लहान दिसला तर पाच मिनिटांचं दुसरं कारणही सापडलं. खरेदी अधिकृत वितरकाकडूनच करा. स्वस्तातली जोडी शेवटी महागात पडते.

सगळं जमलं, १०० ओहमवरचे आकडे ठीक आले, की ते रेझिस्टर काढून डीसी फ्यूज लावा, बल्ब तसाच ठेवा, पुन्हा डीसी मोजा. मग बल्ब काढून सरळ सप्लाय. प्रायमरीचा फ्यूज या मापाच्या ट्रान्सफॉर्मरला, म्हणजे सेकंडरी ५ अँपिअरची असेल तर, २ अँपिअरचा स्लो-ब्लो (क्षणिक झटका सोसून सावकाश उडणारा). मीटर मिलीव्होल्टवर, प्रोब ०.२२ ओहमच्या रेझिस्टरच्या दोन टोकांना, स्पीकर आणि इनपुट दोन्ही काढलेले. प्रीसेट अगदी सावकाश फिरवत ५ ते ६ मिलीव्होल्टवर आणा. म्हणजे साधारण २५ मिलिअँपिअर. आकडा लगेच स्थिर होत नाही. पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवून हीटसिंक कोमट होऊ द्या, पुन्हा जुळवा. बायस नीट काम करत असेल तर आकडा थोडा वरखाली होऊन थांबतो. तो चढतच राहिला तर बंद करा, बायसचा ट्रान्झिस्टर गरमी ओळखत नाहीये. आणि आकडा थांबतच नसेल, इनपुटच्या वायरीला हात लावला की उडी मारत असेल, आणि हीटसिंक काही न वाजवता कडक तापत असेल, तर ऑसिलेशन आहे. झोबेलचा रेझिस्टर आणि कपॅसिटर नवे टाका, आउटपुटच्या लांब वायरी आखूड करा, ग्राउंडच्या वायरी फिल्टर कपॅसिटरच्या मधल्या बिंदूवर एकत्र आणा.

चांगला स्पीकर पहिल्या दिवशी लावू नका, एखादा जुना, टाकाऊ घ्या. आणि तुमचा डावा स्पीकरही तपासा. डीसी बसलेल्या स्पीकरची कॉइल जळते किंवा वाकडी होते. ८ ओहमच्या चांगल्या स्पीकरवर मीटर साधारण साडेपाच ते सात ओहम दाखवतो. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर लावला की 'थप' आवाज येऊन पडदा हलायला हवा, आणि बोटांनी हलकेच आत ढकलल्यावर घासल्यासारखं लागू नये. घासत असेल तर तो स्पीकर दुरुस्त केलेल्या अँप्लिफायरला लावू नका, अर्धवट शॉर्ट कॉइल पुन्हा सगळं घेऊन जाईल.

पेटीत स्पीकर वाचवणारी रिले नसेल तर आत्ताच बसवा. यूपीसी १२३७ या आयसीवरची तयार पाटी मिळते. आउटपुटवर डीसी आलं की ती स्पीकर तोडते, आणि सुरू करताना काही सेकंद थांबून मगच जोडते, त्यामुळे सुरुवातीचा 'धप्प' आवाजही जातो.

वाचणाऱ्यांपैकी काहींच्या पेटीत सुटे ट्रान्झिस्टर नसून टीडीए ७२९४, टीडीए २०३० किंवा एसटीके या अँप्लिफायर आयसीचा ठोकळा असेल. तिथे बायस जुळवायचा नसतो, आयसी काढून नवी लावायची. टीडीएंच्या पाठीचा धातू उणे सप्लायला जोडलेला असतो, त्यामुळे मायका विसरलात तर हीटसिंक उणे सप्लायवर जातो आणि तो चासिसला टेकला की शॉर्ट. एसटीकेचं मूळ उत्पादन कधीच थांबलंय. त्या नावाने बाजारात जे मिळतं त्यावर भरवसा ठेवून जुना डेक वाचवायचा प्रयत्न करण्यापेक्षा, त्याच सप्लायवर चालेल असा ट्रान्झिस्टरचा चांगला बोर्ड आत बसवणं मला पटतं. असा मोठा ट्रान्सफॉर्मर नसलेल्या, एसएमपीएसवर (स्विचिंग पद्धतीच्या सप्लायवर) चालणाऱ्या नव्या होम थिएटरला मात्र हे उत्तर वाचून हात घालू नका. तिथे आत ३२५ व्होल्ट डीसी थेट लाइनवरून येतो.

पुढच्या गणपतीसाठी: अंगणातला स्पीकर घरातल्याशी समांतर जोडू नका. दोन ८ ओहमचे सिरीजमध्ये जोडले तर भार १६ ओहम होतो, आवाज कमी पडतो, पण अँप्लिफायर सुरक्षित राहतो. अंगणात खरंच मोठा आवाज हवा असेल तर १०० व्होल्ट लाइनचा पीए (जाहीर कार्यक्रमांसाठीचा) अँप्लिफायर आणि त्याचे भोंगे भाड्याने आणा. तो दिवसभर चालण्यासाठीच बनवलेला असतो.

आता तुम्ही एवढं करा आणि मला कळवा: झोबेलचा रेझिस्टर काळा आहे का, बायसचा ट्रान्झिस्टर हीटसिंकला आवळलेला सापडला की सुटा, दोन्ही चॅनेलच्या ड्रायव्हरचे डायोड-खुणेवरचे आकडे, आणि फोडलेल्या ट्रान्झिस्टरच्या आतल्या तुकड्याचा फोटो. नवे ट्रान्झिस्टर त्यानंतर विकत घ्या.